म्हातारपणाचा नकाशा आणि आपली गैरहजेरी

माणूस म्हातारा का होतो, यावर सध्या अमेरिकेत जे मोठमोठे संशोधन प्रकल्प चालले आहेत, त्यांतला बराच वेळ एका स्प्रेडशीटमधला कॉलम कुणी कसा भरायचा, या चर्चेत जातो. चेष्टा करत नाहीये. मी कम्प्युटर इंजिनिअर. इथल्या एका विद्यापीठात जैववैद्यकीय डेटाच्या टीममध्ये काम करते. वेगवेगळ्या लॅबकडून ऊतींच्या, म्हणजे टिश्यूंच्या, तुकड्यांची माहिती घ्यायची, तपासायची, एका साच्यात बसवायची आणि दुसऱ्यांना सापडेल अशी ठेवायची, असं ते काम. घरी गेलं की आत्या विचारते, "अगं, तू आयटीवाली, तुझं त्या डॉक्टर लोकांत काय काम?" उत्तर एका चहात संपत नाही, म्हणून इथे लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. या क्षेत्रात काम करणारे म्हणून आपण भारतीय भरपूर आहोत. पण ज्यांच्या शरीराचा नकाशा काढला जातोय, त्यांच्यात आपण फारच थोडे आहोत. त्याबद्दल आपल्या लोकांत काहीच बोललं जात नाही.

आधी नकाशा कसला ते सांगते. माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी असतात. २००३ साली ह्यूमन जीनोम प्रकल्प पुरा झाला तेव्हा आपल्या हाती अक्षरांचं पुस्तक आलं. पण कुठल्या पेशीत त्यातली कुठली पानं उघडी आहेत, ती पेशी कुणाच्या शेजारी बसलीय आणि वय वाढलं की हा शेजार कसा बदलतो, हे त्या पुस्तकावरून कळत नाही. त्यासाठी अवयवाचा बारीक तुकडा घेऊन एकेक पेशी पाहावी लागते. २०१६ साली अवीव रेगेव आणि सारा टाइकमन या दोघींच्या पुढाकाराने 'ह्यूमन सेल ॲटलस' ही जागतिक मोहीम सुरू झाली. आज तिच्यात शंभराहून जास्त देशांतले तीन हजारांवर सदस्य आहेत. २०१८ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने, म्हणजे एनआयएचने, 'ह्यूबमॅप' सुरू केला. निरोगी शरीराचा पेशींच्या पातळीवरचा नकाशा काढणं हे त्याचं काम. २०२१ साली त्याचंच धाकटं भावंड म्हणावं असा 'सेननेट' आला, पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलर्सच्या तरतुदीचा. म्हातारपणाशी थेट संबंध आहे तो या सेननेटचा.

१९६१ साली फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं, की काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि मग थांबतात. थांबतात, पण मरत नाहीत. शरीरातही अशा पेशी वयाबरोबर साठत जातात. त्यांना 'सेनेसंट' पेशी म्हणतात. जुन्या वाड्यातला एखादा भाडेकरू कसा असतो बघा, भाडं देत नाही, जागा सोडत नाही आणि वर चौकात कचरा टाकून बाकीच्यांना हैराण करतो, तशा या पेशी. त्यांच्यातून आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं पाझरतात. उंदरांच्या शरीरातून त्या काढून टाकल्यावर उंदीर जास्त काळ धडधाकट राहिले, असे प्रयोग झालेत, आणि त्या हटवणाऱ्या औषधांच्या माणसांवरही चाचण्या चालू आहेत. पण जखम भरून यायला आणि कॅन्सर रोखायलाही याच पेशी मदत करतात. म्हणजे सरसकट घराबाहेर काढून चालणार नाही. आधी कोण कुठे राहतो आणि काय करतो याची नीट यादी हवी.

इथेच घोडं अडतं. अमुक एक खूण दिसली की ती पेशी सेनेसंट, असं छातीठोक सांगता येईल अशी एकही खूण नाही. पी१६ नावाचं प्रथिन बघतात, पी२१ बघतात, एका विशिष्ट एन्झाइमचा निळा रंग येतो का ते बघतात. फुप्फुसात जी खूण चालते ती मेंदूत चालेलच असं नाही. एका लॅबने दोन खुणांवर शिक्का मारला आणि दुसरीने तीन खुणा मागितल्या, तर दोघींचे आकडे शेजारी ठेवण्यात काही अर्थ उरत नाही. म्हणून २०२४ साली सेननेटच्या लोकांनी एकत्र बसून कुठल्या ऊतीत या पेशी कशा ओळखाव्यात याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. बाहेरून पाहणाऱ्याला तो शोध वाटणार नाही. पण माझ्या मते प्रकल्पातल्या एखाद्या चमकदार शोधाइतकंच त्याचं मोल आहे.

आता त्या कॉलमबद्दल. 'वय' हा सगळ्यात सोपा कॉलम वाटतो ना? माणसाचं वय वर्षांत, उंदराचं महिन्यांत किंवा आठवड्यांत. फाइलमध्ये नुसतं '२४' लिहून आलं की बसा शोधत. 'डावं मूत्रपिंड' म्हणजे देणाऱ्याचं डावं की समोर उभं राहून बघणाऱ्याचं? तुकड्याची लांबी मिलिमीटरमध्ये की मायक्रोमीटरमध्ये? रक्तपुरवठा थांबल्यापासून तुकडा गोठवेपर्यंत किती वेळ गेला? हे नोंदवलेलं नसेल, तर पेशीतला बदल वयामुळे झाला की उशिरामुळे, ते नंतर कुणालाही सांगता येत नाही. एकजण लिहितो 'कॉर्टेक्स'. कॉर्टेक्स मेंदूलाही असतो आणि मूत्रपिंडालाही. म्हणून 'उबेरॉन' नावाची एक कोशव्यवस्था वापरतात, तिच्यात शरीराच्या प्रत्येक भागाला एक क्रमांक दिलेला आहे. गावात शेताला लोक माळ म्हणोत की मळा, सातबाऱ्यावर गट नंबर एकच, तसं. तलाठ्याचं दप्तर कुणाला रोमांचक वाटत नाही, पण ते बिघडलं की काय होतं हे आपल्यापैकी कितीतरी घरांनी कोर्टात अनुभवलंय.

वयाच्याच कॉलममध्ये आणखी एक विचित्र गोष्ट आहे. अमेरिकेच्या आरोग्य-गोपनीयता नियमांनुसार माहितीवरून माणूस ओळखता येऊ नये म्हणून जी साधी पद्धत सांगितलीय, तिच्यात ८९ च्या वरची सगळी वयं '९० किंवा जास्त' अशा एकाच पोतडीत टाकायची असतात. हेतू चांगला आहे. एखाद्या लहान गावात ९७ वर्षांची एकच बाई असू शकते. पण म्हातारपणाच्या अभ्यासात ९१ आणि १०३ एकाच रकान्यात! जी माणसं आपल्याला सगळ्यात जास्त शिकवू शकली असती, तीच उघड्या डेटामध्ये एकमेकांत मिसळून जातात. यातून वाटा आहेत. नीट संमती घेता येते, मर्यादित लोकांनाच खरं वय बघू देता येतं. पण त्या प्रत्येक वाटेला वकील लागतो, करार लागतो आणि तो करार पाठपुरावा करून पूर्ण करून घेणारा माणूस लागतो. शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर या माणसाचं नाव क्वचितच असतं.

ह्यूबमॅप आणि सेननेटमध्ये एक फार छान सोय आहे, इंडियाना विद्यापीठाच्या मंडळींनी बनवलेली. तुकडा कुठून घेतला हे नुसतं शब्दांत लिहायचं नाही. स्क्रीनवर त्या अवयवाची त्रिमितीय आकृती येते, तुकड्याएवढा ठोकळा माउसने उचलायचा, बरोबर जागेवर नेऊन ठेवायचा आणि फिरवून त्याची दिशा जुळवायची. शल्यविशारदांना हे काही मिनिटांत जमतं, आणि जगभरच्या लॅबचे तुकडे एकाच शरीरात बसवता येतात.

पण हे 'एकच शरीर' कुणाचं? त्या आकृत्यांचा पाया आहे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा 'व्हिजिबल ह्यूमन' प्रकल्प. त्यातला पुरुष म्हणजे टेक्सासमध्ये १९९३ साली मृत्युदंड दिला गेलेला एक कैदी, ज्याने आपला देह विज्ञानाला दिला होता. बाई मेरिलँडची, ५९ वर्षांची. दोघांचे देह गोठवून त्यांचे अतिशय पातळ थर एकामागून एक काढून प्रत्येक थराचा फोटो घेतला. पुरुषाच्या बाबतीत थर एक मिलिमीटरचा होता, बाईच्या बाबतीत त्याच्या एक तृतीयांश. या दोघांविषयी मला आदरच वाटतो. पण आज जगातल्या कुठल्याही माणसाच्या मूत्रपिंडाचा तुकडा नकाशावर ठेवायचा झाला, तर तो या दोघांपैकी एकाच्या मूत्रपिंडावर ठेवावा लागतो.

जीनोमच्या बाबतीतही हेच झालं होतं. संदर्भ म्हणून जो मानवी जीनोम जगभर वापरला गेला, त्याचा जवळजवळ सत्तर टक्के भाग न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून रक्त द्यायला आलेल्या एकाच माणसाचा होता. ४७ वेगवेगळ्या माणसांचे जीनोम एकत्र धरणारा पहिला 'पॅनजीनोम' आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२३ साल उजाडलं. मधली वीस वर्षं जगभरच्या चाचण्या त्या एका माणसाशी तुलना करत राहिल्या.

यावर काही संशोधक म्हणतात, आधी एक नकाशा तर होऊ दे, विविधता नंतर भरू. सॉफ्टवेअरमध्ये ज्यांनी चार वर्षं काढलीत त्यांना 'नंतर'चा अर्थ मी सांगायला नको. पहिल्या आवृत्तीत जे गृहीत धरलं जातं तेच 'नॉर्मल' होऊन बसतं, आणि जे त्यात बसत नाही त्याला पुढे 'अपवाद' म्हणून हाताळलं जातं.

आपण अपवाद ठरलो तर काय होतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत आणि आतून स्थूल, हा 'थिन-फॅट' भारतीय त्या फोटोने जगाला दाखवला. त्यामागे नुसती कल्पना नव्हती. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा चिकाटीने केलेला अभ्यास होता, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांशी जुळवून घेतलेली मोजमापं होती. पुण्याच्या गावांतलं बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. तरी आपल्या बाळाच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी होते ते स्नायू आणि अवयव. ही तुलना शक्य झाली, कारण दोन्हीकडे मोजायची पद्धत एक ठेवली होती. बाळाच्या पाठीला चिमटा कुठे लावायचा हे दोन्हीकडे ठरलेलं नसतं, तर थिन-फॅट वगैरे काहीच बाहेर आलं नसतं.

आपल्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकार इतरांपेक्षा लवकर गाठतात, हे इथल्या प्रत्येक मराठी मंडळात कुणाच्या ना कुणाच्या घरी घडलेलं असतं. मग स्वादुपिंडातल्या, चरबीतल्या, रक्तवाहिन्यांतल्या पेशी आपल्यात लवकर थकतात का? सेनेसंट पेशी आपल्यात वेगळ्या ठिकाणी साठतात का? हे प्रश्न विचारता येतील असा पुरेसा डेटा नकाशात नाही. उद्या म्हातारपणावरचं एखादं औषध बाजारात येईल, तेव्हा ते साताऱ्यातल्या माझ्या काकांनाही लिहून दिलं जाईल. मात्र ते ज्या नकाशावर बेतलेलं असेल, त्यात काकांसारखं कुणी नसेल.

काही हालचाल होतेय, नाही असं नाही. ह्यूमन सेल ॲटलसचाच भाग असलेल्या आशियाई रोगप्रतिकार नकाशात भारतासह पाच देशांतल्या ६१९ जणांच्या रक्तातल्या बारा लाखांहून जास्त पेशी तपासल्या गेल्या, तो अभ्यास २०२५ साली आला. मुंबईत देवनारला असलेल्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेसने 'लासी' या पाहणीत ४५ वर्षं आणि त्यापुढच्या ७२ हजारांवर भारतीयांना गाठलं, आणि प्रश्न मुद्दाम असे ठेवले की अमेरिकेतल्या तशाच पाहणीशी तुलना करता यावी. आणि पुण्यात २०१९ साली 'मानव' प्रकल्प सुरू झाला. आयसर पुणे, एनसीसीएस, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून. त्यात विद्यार्थ्यांनी शोधनिबंध वाचून त्यातली माहिती एका साच्यात भरायची, सुरुवात त्वचेपासून. कल्पना मला फार आवडली होती. विद्यार्थ्यांनी प्रयोग न करता नुसतं वाचून काय साधणार, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी माझ्या टीमचा आठवडा दाखवीन.

भारतातून नमुने बाहेर पाठवायला लोक नाखूश असतात. ते मला पटतं. नमुने इथून नेले आणि श्रेय तिकडे मिळालं, हा इतिहास आहे, आणि परदेशी सहकार्याला भारतात सरकारी समितीची मंजुरी लागते ती उगाच नाही. पण सगळे तुकडे एका फ्रीझरमध्ये असायलाच हवेत असं कुठे आहे? तुकडा पुण्यात राहू दे, क्रमांक आणि मोजमाप जगाशी जुळू दे. समन्वय म्हणतात तो हाच. मे २०२५ मध्ये एनआयएचने अमेरिकी संस्थांमार्फत परदेशी संस्थांना उपअनुदान द्यायची जुनी पद्धत थांबवून नवी आणायचं ठरवलं, तेव्हापासून तर आपापल्या देशात आपापलं दप्तर नीट ठेवणं जास्तच गरजेचं झालंय.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर बोलूनच टाकते. ह्यूबमॅप आणि सेननेट ज्या निधीतून चालतात, त्याचा नियम असा की कुठलाही कार्यक्रम जास्तीत जास्त दहा वर्षं. पुढे कुणीतरी दुसऱ्याने सांभाळायचं. प्रयोगासाठी हा नियम ठीक आहे, नकाशासाठी नाही. मला एकदा एका जुन्या प्रकल्पाचा डेटा हवा होता. अनुदान संपलं होतं, साइट बंद होती, आणि ज्या पोस्टडॉकला फाइलींची नावं कळत होती तो दुसऱ्या नोकरीत. शेकडो माणसांनी दिलेल्या ऊती आणि कुणालाही उघडता न येणारी फोल्डरं. नवीन यंत्राला पैसे देणाऱ्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा दप्तर सांभाळणाऱ्यांच्या पगारासाठी कायमचा बाजूला काढावा, असं माझं मत आहे. स्वार्थी वाटलं तर वाटो.

राहता राहिलो आपण, म्हणजे परदेशात राहणारे. अमेरिकेत 'मसाला' नावाचा अभ्यास आहे, नाव ऐकून हसू येतं पण काम गंभीर आहे. इथे राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा तो अभ्यास. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आणि शिकागो इथे सुरू झाला, पहिल्या फेरीत ९०६ जण होते. आधीच्या मोठ्या अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी होते, आपण नव्हतो, म्हणून त्याच अभ्यासाशी मोजमापं जुळवून हा वेगळा काढावा लागला. ब्रिटनमध्ये यूके बायोबँकेतले सुमारे ९४ टक्के लोक गोरे आहेत. आता 'अवर फ्युचर हेल्थ' ५० लाख लोक गोळा करू पाहतंय, त्यात मराठी माणसांनी नाव घालायला काय हरकत आहे? गणपतीच्या वर्गणीइतकाही त्रास नाही.

ऊती देण्याबाबत एक गोष्ट लोकांना माहीत नसते. अवयवदान आणि संशोधनासाठी ऊती देणं, या दोन वेगळ्या परवानग्या असतात. आपल्याकडे देहदानाचे फॉर्म भरलेली माणसं अनेक घरांत आहेत, पण तो देह सहसा वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायला जातो. पेशींच्या नकाशासाठी तुकडा काही तासांतच गोठवावा लागतो. त्यामुळे अशी परवानगी बहुधा रुग्णालयात, वाईट बातमीच्या दिवशी, फोनवर किंवा समोर बसून घरच्यांना विचारली जाते. भारतातले आईवडील तिकडे आणि तुम्ही इकडे असाल, तर तुमच्याबद्दल असा फोन नवऱ्याला किंवा बायकोला येईल. तुमचं मत त्यांना आधीच माहीत असेल तर त्या दिवशी त्यांच्यावरचा भार कमी होईल. नाही म्हणायचं असेल तर तेही सांगून ठेवा, नकाराचा मान राखला जातो. होकार द्यायचा तर विचारा: डेटा किती जणांना दिसणार, प्रकल्प बंद झाला तर कुठे जाणार, नंतर नाव काढून घेता येईल का.

आणि फॉर्ममध्ये वंशाचा प्रश्न येतो, तिथे आपली मंडळी हमखास 'सांगायचं नाही' वर टिक करतात किंवा नुसतं 'एशियन' लिहून मोकळी होतात. माझ्याकडे येणाऱ्या फाइलीत तो एकच शब्द असतो, आणि त्यावरून देणारा ओसाकाचा होता की औसाचा, हे मला कधीच कळत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या फॉर्मसाठीचे नियम बदलले, त्यांनुसार 'एशियन'च्या खाली 'एशियन इंडियन' असा वेगळा चौकोन येतोय. जुन्या फॉर्मवर तो नसेल तर शेजारच्या कोऱ्या जागेत हाताने लिहा. फाइल भरणारा माणूस ते वाचतो, मी स्वतः वाचते.